गोमाजीच्या रजिस्टरचं पहिलं पान

तुमच्या आजोबांचं नाव शाळेच्या ज्या पानावर लिहिलेलं आहे, त्या पानावर त्यांच्या गावाचं नाव आहे का? पाहिलंय कधी?

बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. मीही पाहिलं नव्हतं, आणि माझा तर धंदाच पानं पाहण्याचा. नऊ वर्षं झाली, कामरगावच्या बसस्टॉपजवळ माझं ऑनलाइन सेंटर आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि लाइट गेली तर चालावा म्हणून एक इन्व्हर्टर. फॉर्म भरून देणं, कागद स्कॅन करणं, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम म्हणजे पीडीएफ जोडणं आणि तोडणं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी अर्जाला कागद जोडायचे म्हणजे भोक पाडून दोरी ओवायची. आता तेच काम पडद्यावर होतं. आधार, रेशन कार्ड, दाखले, मार्कशीट असं एकेक स्कॅन केलं की एकेक फाइल तयार होते. पण अर्जाची जी वेबसाइट असते, ज्याला सगळे पोर्टल म्हणतात, ती म्हणते की अकरा कागद असोत की पंधरा, मला एकच फाइल द्या. मग इंटरनेटवर फुकटची टूल्स असतात. फायली त्यात टाकायच्या, क्रम लावायचा, बटण दाबायचं, जोडलेली फाइल उतरवून घ्यायची. उलटही करता येतं. दोनशे पानांच्या फाइलमधून हवं ते एकच पान कापून घेता येतं. हे शिकायला दहा मिनिटं लागतात. 'डाउनलोड' लिहिलेल्या चार बटणांपैकी तीन जाहिराती असतात, हे कळायला आणखी दोन दिवस.

खरी गोम वजनात आहे. पोर्टल म्हणतं की ही एकच फाइल एक एमबीच्या आत बसवा. फाइल जितकी हलकी कराल तितकी अक्षरं फुटतात, शिक्का म्हणजे निळा डाग होतो. मग तेच पोर्टल चार महिन्यांनी कळवतं, 'कागद अस्पष्ट, अर्ज परत.' पोत्यात मावत नाही म्हणून धान्य सांडायला लावायचं आणि वर माप कमी भरलं म्हणून दंड करायचा, असा हा न्याय आहे. ज्याने ही अट लिहिली त्याने स्वतःच्या आजोबांचा पिवळा पडलेला कागद कधी स्कॅन करून पाहिला असेल, असं मला वाटत नाही.

मला राग लवकर येतो, हे घरचं आहे. आमच्या मंगरूळपीरच्या घरात पुस्तकं दोन-चार आणि पत्रकं पोत्याने. बाबा मजुरांच्या संघटनेचं काम करायचे. सभा संपली की उरलेली पत्रकं घरी यायची. मी वाचायला शिकले ती त्या गुलाबी आणि पोपटी कागदांवर. वह्याही त्यांच्या पाठकोऱ्या बाजूच्या. बाबांचा एकच नियम होता: अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. तोंडी आश्वासनाला ते वारा म्हणायचे.

तो राग मी दुकानात आणला. भिंतीवर पहिल्याच दिवशी दोन ओळी लावल्या. 'तुमची फाइल संध्याकाळी पुसली जाईल. कोणतंही पान गाळून मिळणार नाही.'

पहिली ओळ यासाठी, की कोणाचं आधार, कोणाचा सातबारा, कोणाच्या लेकीचा फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहावा, हे मला पटत नव्हतं. फुकटच्या टूलमध्ये टाकलेली फाइल कुठल्या देशातल्या यंत्रात जाते हे तर मलाही ठाऊक नाही. 'काही वेळाने आपोआप पुसली जाईल' असं ते लिहितात. असेलही. मी पाहायला गेलेले नाही.

दुसऱ्या ओळीचा कस दुसऱ्याच वर्षी लागला. बाजाराच्या दिवशी एक काका आले. पांढरंशुभ्र धोतर, खिशात दोन पेन, मोठी शेती. त्यांच्याकडे सहा पानांचं वाटणीपत्र होतं. स्कॅन करून एक फाइल करायची होती, कुठल्याशा अर्जाला जोडायला. मी स्कॅन केलं. तर म्हणाले, चौथं पान घेऊ नको. मी चौथं पान वाचलं. वाचू नये, पण वाचलं. त्यावर त्यांच्या बहिणीचा हिस्सा लिहिलेला होता.

मी म्हटलं, काका, खाली पानांचे नंबर आहेत, तीननंतर पाच दिसेल.

"नंबर कोन वाचते?" ते म्हणाले. "तू जोड."

मी जोडणार नाही म्हटलं आणि भिंतीकडे बोट केलं. त्यांनी ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना बाबा माहीत होते.

"तुह्या बापानं जलमभर पत्रकं वाटली. तुले हेच शिकवलं काय, गिऱ्हाईक परत धाडाचं?"

"हो काका, हेच शिकवलं."

ते हसले आणि समोरच्या दुकानात गेले. पाच मिनिटांत काम झालं असणार. कारण टूलला बहीण कळत नाही. त्याला फक्त एक, दोन, तीन, पाच, सहा कळतं. त्या बाईचं पुढे काय झालं हे मला कळलं नाही, आणि आजही बाजाराच्या दिवशी पांढरं धोतर दिसलं की माझं डोकं फिरतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसाचा मला अभिमानही होता. कित्येक वर्षं मी तो किस्सा सांगत होते. पान कापणारे ते, न कापणारी मी.

आणि मग पूजा आली.

पूजा धनजकडच्या एका वस्तीवरची. बारावीला चांगले गुण होते आणि नर्सिंगला राखीव जागेवर नंबर लागला होता. प्रवेश पक्का व्हायला जातवैधतेचं प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत द्यायचं होतं. त्यासाठी घराण्यातल्या कोणाची तरी जुनी नोंद लागते, शाळेतली किंवा महसुलातली. आई-वडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, त्याआधी सोयाबीनच्या सोंगणीत अडकलेले. म्हणून तिच्यासोबत तिची आत्या आली होती. गंगाबाई. साठीची, उंच, अंगठा उठवणारी, पण नजर अशी की समोरच्याने खोटं बोलायच्या आधी दोनदा विचार करावा.

गंगाबाईचे वडील गोमाजी हे पूजाचे आजोबा. ते लहानपणी थोडे दिवस शाळेत गेले होते असं घरात कोणीतरी म्हणायचं. आत्या-भाची शाळेत गेल्या. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, म्हणजे कोणतं मूल कधी शाळेत आलं आणि कधी गेलं याची नोंदवही. ते पूर्ण रजिस्टर त्यांनी आधीच स्कॅन करून ठेवलं होतं. दोनशे चौदा पानं. पेनड्राइव्हवर टाकून त्यांनी आख्खी फाइल दिली, आणि मूळ पानाची सही-शिक्क्याची प्रतही.

मी फाइल उघडली. सत्त्याऐंशीव्या पानावर गोमाजी सापडला. नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, सगळं बोरूच्या ठसठशीत अक्षरात. शेवटच्या रकान्यात शेरा होता. तो मी मोठ्याने वाचला: 'बापासोबत कामास गेला, सबब नाव कमी केले.'

गंगाबाईने स्टूल पडद्याजवळ ओढलं. मग तिने मला ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"म्हनजे माहा बाप खरंच शाळेत होता," ती म्हणाली. "आमाले कधी बोलला नाही."

मी सत्त्याऐंशीवं पान कापलं. टूलमध्ये एक क्लिक. ते आणि त्याची शिक्क्याची प्रत, दोन्ही बाकीच्या दहा कागदांसोबत जोडायला घेतली. गंगाबाई स्टुलावर बसून पडदा पाहत होती. वाचता येत नव्हतं, पण पानं मोजत होती.

"पयलं पान कोठं हाय वं पोरी?"

मी विचारलं, कोणतं पहिलं पान?

"गुरुजीनं चोपडी उघडली तवा पयल्या पानावर शाळेचं न गावचं नाव वाचून दाखवलं ना. ते पान?"

मी म्हटलं, आत्याबाई, त्या पानावर तुमच्या वडलांचं नाव नाही. उगाच फाइलचं वजन वाढतं.

"एका पानाचं कितीक वजन?"

मी हसले. ते हसू मला आजही टोचतं. मी तिला एमबी आणि केबी समजावून सांगितलं, अशा थाटात की जणू नियम मीच केला होता. दहा कागदांनीच फाइल काठोकाठ भरली होती. मी सत्त्याऐंशीवं पान जोडलं, पहिलं सोडलं, फाइल चढवली. पोर्टलने हिरव्या अक्षरात 'यशस्वी' असं दाखवलं. प्रिंट काढून पूजाच्या हातात दिली. संध्याकाळी, माझ्या तत्त्वाप्रमाणे, सगळं पुसून टाकलं. दोनशे चौदा पानंही, आणि तिचा पेनड्राइव्हही मीच कोरा करून परत दिला, कारण शाळेचं रजिस्टर असं गावभर फिरू नये.

दिवाळीनंतर पूजाच्या मोबाइलवर संदेश आला. अर्ज त्रुटीत. कारण: 'सादर केलेल्या नोंदीवरून गाव, शाळा व वर्ष यांचा बोध होत नाही.'

मी ती ओळ तीनदा वाचली. आधी चिडले ते जातपडताळणीच्या कार्यालयावर. मग माझ्याच डोक्यात प्रकाश पडला आणि तो फार वाईट होता. सत्त्याऐंशीव्या पानावर गावाचं नाव नव्हतंच. असायचं कारणही नव्हतं. शाळा गावाची, रजिस्टर शाळेचं, मग प्रत्येक पानावर गाव कशाला लिहायचं? ते पहिल्या पानावर एकदाच लिहिलेलं. मुख्याध्यापकांचा शिक्का प्रतीवर होता, त्यात गाव होतं. पण एक एमबीत बसवताना मीच फाइल इतकी दाबली होती की शिक्क्याचा गोल निळा डाग झाला होता. म्हणजे ज्या दोन जागी गाव होतं, त्या दोन्ही जागा मी घालवल्या. त्या धोतरवाल्या काकांनी बहिणीचं पान गाळायला सांगितलं होतं, समजून-उमजून. मी गोमाजीचं गाव गाळलं, न समजता आणि वर हसून. कागदाला काय फरक पडतो?

दुरुस्तीला पंधरा दिवस होते. पूजाचे आई-वडील तोपर्यंत उसाच्या फडावर पोचले होते. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि कामरगावहून जीपने आम्ही तिघी शाळेत गेलो. रस्त्याला दोन्हीकडे तूर उभी होती. गंगाबाई वाटभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शाळेत नवीनच पेच. मुख्याध्यापकांचा स्कॅन ज्या कॉम्प्युटरवर होता तो बंद पडला होता. मूळ रजिस्टर होतं, पण मधल्या काळात जुनी रजिस्टरं बांधायला दिली होती. बांधणाऱ्याने नवीन पुठ्ठा घातला आणि फाटू नये म्हणून पहिलं पान खळ लावून पुठ्ठ्याला आतून चिकटवून टाकलं. लिहिलेली बाजू आत.

मुख्याध्यापक कपाळाला हात लावून बसले. जुन्या रेकॉर्डला हात लावायला त्यांना भीती वाटत होती, आणि ती खोटी नव्हती. फाटलं तर नोकरीवर येणार. ते म्हणाले की वरून लेखी परवानगी आणावी लागेल. किती दिवस लागतील, विचारलं. त्यांनी छताकडे पाहिलं.

तेव्हा गंगाबाई बोलली.

"गुरुजी, झाकलं तवा कोनाची परवानगी घेतली होती?"

त्यांनी चिकटलेल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"मंग उघडाले कायले पाह्यजे? तुमी हात नोका लावू. मी लावतो. फाटलं तं माह्या बापाचं फाटन."

 मुख्याध्यापक स्वतः उठले, पाण्याचा तांब्या आणला आणि टेबलावर ठेवला. मी एका कागदावर अर्ज लिहिला की आमच्या विनंतीवरून, आमच्या समक्ष, चिकटलेलं पान मोकळं केलं आहे. पूजाने सही केली, आत्याने अंगठा दिला, गुरुजींनी पोच दिली. पदराचं टोक ओलं करून गंगाबाई एका कोपऱ्यापासून सुरू झाली. पोळी तव्यावरून सोडवावी तसं. पाऊण तास लागला. कडेची एक पट्टी गेली, बाकी पान आलं. उलट्या बाजूला शाळेचं नाव, गावाचं नाव, साल, आणि त्या वेळच्या हेडमास्तरची वळणदार सही.

पूजाने ते वाचलं. गंगाबाई म्हणाली, "हे पान हलकं हाय काय वं बाई?"

मी पान उचलून खिडकीच्या उजेडात वाळायला धरलं.

मग गुरुजींनीच एक चांगलं काम केलं. सत्त्याऐंशीव्या पानाच्या प्रतीवर त्यांनी हाताने लिहिलं: अमुक शाळा, अमुक गाव, रजिस्टर क्रमांक अमुक, साल अमुक. खाली सही. शाईने, ठळक, दाबली तरी फुटणार नाही अशा अक्षरात. एवढं पहिल्या दिवशी झालं असतं तर? कोणी सांगितलंच नव्हतं. पोर्टलवर अकरा सूचना आहेत, त्यात ही नाही.

दुकानात येऊन मी फाइल बांधली. माझ्या नऊ वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम ते असेल. बाकीचे दहा कागद काळ्या-पांढऱ्यात हलके केले, रेशन कार्डची कोरी पाठ काढली, तेही पूजाला विचारून, आणि वाचलेलं सगळं वजन या दोन पानांना दिलं. फाइल एक एमबीच्या किंचित आत बसली. मोठी करून पाहिली, हेडमास्तरची सहीसुद्धा वाचता येत होती. चढवली. पुन्हा तेच हिरवं 'यशस्वी'.

या वेळी मी त्या हिरव्यावर विश्वास ठेवला नाही. फाइल पोचली एवढंच ते सांगतं. कोणी वाचली असं सांगत नाही. सगळ्या कागदांचा छापील संच घेऊन आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी त्या पडताळणी कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, ऑनलाइन केलंय ना, मग कागद कशाला आणले? मी म्हटलं, पोच पाहिजे. तो म्हणाला, आता पोच वगैरे नसते. मी म्हटलं, मग आम्ही बसतो. गंगाबाई खरोखर खाली बसली, पाय पसरून, दारातच. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओलांडून जावं लागायला लागलं. तासाभराने शिक्का मिळाला.

प्रमाणपत्र आलं. त्यावर पूजाचं नाव बरोबर होतं, गोमाजीचं बरोबर होतं, गावाचंही. पण कॉलेजची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. कॉलेजच्या लोकांनी सांगितलं की जागा भरली, आमच्या हातात काही नाही. कोणाच्याच हातात काही नसतं. नियम लिहिणाऱ्याचा हात तर आपल्याला दिसतही नाही.

पूजा ते प्रमाणपत्र घेऊन दुकानात आली तेव्हा मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. मग तिने फक्त विचारलं, "मॅडम, पुढल्या साली हेच चालन ना?"

चालतं. ते जन्मभर चालतं. पण ते वर्ष तिने आई-वडलांसोबत फडावर काढलं, मोळ्या बांधत. 'बापासोबत कामास गेला, सबब नाव कमी केले.' आजोबांच्या नावापुढे कोणीतरी बोरूने लिहिलेली ओळ नातीच्या बाबतीत पुन्हा खरी झाली, आणि या वेळी ती लिहायला एक एमबीची अट पुरली, आणि माझं एक हसू.

यंदा पूजाने पुन्हा अर्ज केलाय. यादी अजून लागायची आहे. भिंतीवरच्या ओळी मी बदलल्या. आता तिथे लिहिलंय, 'फाइल मालकाच्या हातात दिल्याशिवाय पुसली जाणार नाही. पान कापण्याआधी पहिलं पान दाखवा.' जोडणं-तोडणं आता मी इंटरनेटवर न पाठवता माझ्याच कॉम्प्युटरवर करते. एकच फाइल, एकच एमबी ही अट काढा, म्हणून चार अर्ज दिलेत. चारही पोचा दुकानात टांगल्यात. उत्तर एकाचंही नाही. पाचवा लिहिते आहे.

तुम्हाला मात्र एक काम सांगायचं आहे, आणि ते माझ्या अर्जांची वाट न बघता करता येतं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आजोबा ज्या शाळेत गेले तिथे जा. त्यांचं पान काढायला सांगा, आणि त्याच्यासोबत रजिस्टरचं पहिलं पान. ते चिकटलेलं असेल, फाटलेलं असेल, हरवलेलं असेल, तर तसा अर्ज शाळेला लिहून द्या. आजोबांच्या पानाच्या प्रतीवर गाव, शाळा आणि साल शाईने लिहून सही घ्या. आज गरज नाही असं वाटेल. पूजालाही बारावीपर्यंत नव्हती.

आणि तिथून निघताना पोच घ्या. नाही म्हणाले, तर गंगाबाईसारखं दारात बसा.